पहिलारू कालवड आज विणार की आठवड्यानं, कशावरून ओळखता? अनुभव लिहा

आमच्या गोठ्यात (अहमदपूर तालुका) एक देवणी कालवड पहिल्या वेताला आली आहे. जुन्या गाईचं आपल्याला ठाऊक असतं, कास भरल्यावर ही किती दिवस घेते, दिवसा विते की रात्री. कालवडीचं मागचं काहीच हाताशी नसतं. रेतनाची तारीख लिहून ठेवली आहे, पण २८० ते २८५ दिवस हा सरासरीचा हिशोब, आठवडाभर मागंपुढं सहज होतं. कास तर केव्हाची भरली आहे. मग रात्री जागायचं कोणत्या खुणेवर? ऐकीव नको, स्वतःच्या दावणीला पाहिलेलं लिहा.

उदगीर
ताई, कालवडीच्या कासेवर भरवसा ठेवू नका. जुन्या गाईची कास शेवटच्या पंधरवड्यात भरते, कालवडीची महिना-दीड महिना आधीपासून भरायला लागते. आमच्या एका कालवडीला तर कासेपुढं बेंबीपर्यंत सूज आली होती. बोट दाबलं की खड्डा पडायचा. वडील घाबरले, डॉक्टर म्हणाले पहिलारूला असं होतं, दुखत नाही आणि लाल-गरम नाही तोवर चिंता नको. कास ताठली म्हणून आधीच पिळू मात्र नका, तो चीक वासराचा आहे.
मी बघतो शेपटीच्या मुळाशी. दोन्ही बाजूंना एकेक पट्टा असतो, एरवी ताणलेल्या दाव्यासारखा कडक लागतो. रोज त्याच वेळेला हात लावून बघायची सवय ठेवा. ज्या दिवशी तो हाताला लागेनासा होतो आणि तिथं खड्डे दिसतात, त्या दिवसापासून मी गोठ्यात बाज टाकतो. बहुतेक वेळा दिवसभरातच विते. कालवडीलाही हाताची सवय होते, हा वेगळा फायदा.

कंधार
आमची लाल कंधारी हाय, रानात चरणारी. आम्हाला हात लावून बघायचं काम पडत नाही. जी कालवड कायम घोळक्याच्या मधी चरती ती एकटी बांधाकडं सरकली, तोंड खाली घालून उभी राहिली, चारा तोंडात धरून चघळायचं विसरली की समजायचं. मग उठती, बसती, पोटाकडं वळून बघती, जरा जरा मुतती. आमचे आजोबा म्हणायचे तिला हाकू नका, लांबून बघा. ते खरंच हाय, माणसं भोवती जमली की कालवड बुजती आन कळा थांबतात. सांजच्याला घराकडं आणायची घाई करण्यापेक्षा त्या दिवशी सकाळीच आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) ठेवलेली बरी.

मानवत
आमच्याकडं सासूबाई निरणाकडं (योनीच्या तोंडाकडं) बघतात. सुजून सैल पडते, सुरकुत्या जातात, मग घट्ट चिकट सोट (शेंबडासारखा स्राव) लोंबायला लागतो. सोट दिसला म्हणजे लगेच विणार असं नाही, दोन-तीन दिवसही जातात. सोट स्वच्छ असला पाहिजे, वास येत असेल किंवा तांबूस असेल तर त्या थांबत नाहीत, डॉक्टरला फोन करायला लावतात.
एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मुख्य वैरण सकाळी न देता अंधार पडता पडता देतो. तेव्हापासून आमच्या बऱ्याच गाई दिवसाउजेडी व्यायला लागल्या. सगळ्या नाही, पण जागरणं कमी झाली हे नक्की.

भूम
आमच्या संकरित गाई, दूध खव्याच्या भट्टीला जातं. आम्ही थर्मामीटर लावतो. गाईचं तापमान साधारण १०१.५ फॅरनहाइट असतं, विण्याच्या आदल्या दिवशी ते एखाद अंशानं उतरतं. पण रोज एकाच वेळी मोजलं तरच कळतं. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखालच्या गोठ्यात दुपारी मोजाल तर तापमान उन्हानं चढलेलं असतं आणि खूण बुडून जाते. पहाटे मोजा.

जालना
शेपूट. कळा सुरू झाल्या की शेपूट उचलून धरते, अंगाला चिकटून राहत नाही. मी तेवढंच बघतो.

हिंगोली (पशुवैद्यक आहे)
वरचं सगळं बरोबर आहे. कोणतीही एकच खूण धरू नका. पट्टे सैल, सडावरच्या सुरकुत्या जाऊन ते चकाकणं आणि कालवडीचं बेचैन होणं, हे तिन्ही जुळलं तर जवळ राहा.
आता ज्यासाठी मुद्दाम लिहितोय ते. लोक वेळ ओळखतात, पण नंतर किती थांबायचं हे ठरवत नाहीत. बेचैनीचा पहिला टप्पा कालवडीत लांबतो, सहा तास, कधी बारा तासही. तेव्हा हात घालू नका. पाणमोट (वासराभोवतीची पाण्याची पिशवी) दिसली किंवा फुटली की मात्र घड्याळ बघा. जोरात कळा देऊनही तासाभरात काहीच पुढं सरकलं नाही तर फोन करा. १९६२ हा शासनाचा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे. दोन पुढचे पाय, खुरांचा तळ जमिनीकडं आणि पायांवर टेकलेलं नाक, ही सरळ विण्याची खूण. एकच पाय दिसला, नुसतं डोकं आलं, किंवा खुराचा तळ वर असला, तर ओढाओढ नको. चार माणसं लावून ओढल्यानं कालवड कायमची बसलेली मी पाहिली आहे.
आणि लहान चणीच्या देवणी किंवा कंधारी कालवडीला पहिल्याच वेताला होल्स्टीन या मोठ्या चणीच्या विदेशी जातीचं रेतन केलेलं असेल, तर वासरू मोठं असण्याची शक्यता धरून डॉक्टरला आधीच कळवून ठेवा.

माजलगाव
म्हशीचं वेगळं असतं भाऊ. आमची वगार (पहिलारू म्हैस) मराठवाडी. तिचे साधारण ३१० दिवस, दहा महिने दहा दिवस म्हणतात ते. वगार गाईसारखी खुणा दाखवत नाही, बहुतेक रात्रीच विते. शिवाय शेवटच्या महिन्यात बसल्यावर अंग (योनीचा आतला भाग) बाहेर दिसायला लागलं तर ते विण्याचं लक्षण समजू नका. आमच्या शेजारी तसंच समजून दोन दिवस वाट बघत बसले होते. डॉक्टरनं आत बसवलं आणि मागची बाजू उंच राहील अशी जमीन करून दिली, वगार त्यानंतर बऱ्याच दिवसांनी व्याली.

निलंगा
माझा प्रश्न आहे. कालवडीला सातवा महिना चालू आहे आणि कालपासून कास भरून खाली उतरल्यासारखी वाटते, थोडा सोटही आहे. तारीख चुकली असेल का?

हिंगोली (पशुवैद्यक)
दादा, तारीख नंतर तपासू, आज डॉक्टरला दाखवा. सातव्या महिन्यात ही लक्षणं गाभ पडण्याचीही असतात, आणि त्यामागं ब्रुसेलोसिस हा गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग असू शकतो. तो माणसाला होतो. तोवर तिला बाकीच्या जनावरांपासून वेगळी बांधा. गाभ पडला तर वार, वासरू, सोट कशालाही उघडा हात लावू नका, हातमोजे घाला, घरातल्या गरोदर बाईला आणि लेकरांना तिकडं जाऊ देऊ नका. वार कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. रक्ताची तपासणी करून घ्या. गोठ्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी असतील तर त्यांच्या लसीबद्दलही त्याच फेरीत विचारा.