विषय: सांगलीत फुकटचं अभयारण्य आहे का?

मंजिरी, ९ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुट्टीत तीन आठवडे सांगलीला जातोय. सोबत आप्पा (सासरे) असतील, वय ७८, गुडघे बेताचेच. मुलं ११ आणि ६. गेल्या खेपेला गणपतीचं देऊळ झालं, हरिपूरचा संगम झाला, भेळ झाली आणि उरलेले सगळे दिवस नातेवाइकांच्या सोफ्यांवर गेले. धाकटीने परतताना विमानतळावरच बजावलं की पुढच्या वेळी 'कोणाकडे तरी' नाही, 'कुठेतरी' जायचं.

इथे न्यू जर्सीत आम्ही रविवारी सकाळी ग्रेट स्वॅम्पला जातो. तिकीट नाही, काही नाही. फळ्यांच्या पायवाटेवरून दलदलीत आत शिरायचं, कासवं बघायची, बदकं बघायची, डबा खायचा, घरी यायचं. सांगलीच्या आसपास असं काही आहे का? पैशांचा प्रश्न नाही हो. पण तिकीट काढलं की आमचे हे 'वसुली'च्या मागे लागतात आणि प्राणी दिसेपर्यंत कोणाला दोन मिनिटं टेकू देत नाहीत.

मंजिरी

बापूकाका, ९ नोव्हेंबर

मंजिरी,

साताऱ्याचा माणूस सांगलीबद्दल चांगलं बोलणार नाही हे धरूनच वाच.

विट्यावरून वर मायणीला ये. तिथून खटाव तालुक्यातले तलाव सुरू होतात: मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी. हिवाळ्यात रोहित येतात, म्हणजे तुमचे फ्लेमिंगो. पट्टकदंब हंसही येतात. ते मध्य आशियातून हिमालय ओलांडून खाली उतरतात आणि खटावच्या दुष्काळी माळावर येऊन बसतात, यातच काय ते समज. मी आजवर तीनदा गेलो. काठावर उभं राहायला कोणी पैसे मागितले नाहीत.

एक मात्र लक्षात ठेव. रोहिताला खोल पाणी चालत नाही. तो चोच उलटी करून चिखलातलं बारीकसारीक गाळून खातो, त्याला गुडघाभर पाणी हवं. पाऊस दणकून झाला की तलाव तुडुंब भरतात, आपण खूश होतो आणि पक्षी दुसरीकडे जातात. तेव्हा निघण्याआधी तिथल्या कोणालातरी फोन करून पाणी किती आहे ते विचार. 'पक्षी आहेत का' असं विचारलंस तर सगळे 'आहेत की, या' म्हणतात.

आणि आपणही स्थलांतरित पक्षीच वगैरे यावर मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी एक लेख असतो. तो तू लिहू नकोस.

बापूकाका

शिरीष, १० नोव्हेंबर

काका, सांगली विचारली होती. तुम्ही साताऱ्यात नेऊन सोडलंत.

मंजिरी, सागरेश्वर अभयारण्यात जा. मी मूळचा किर्लोस्करवाडीचा, तेव्हा पक्षपात आहेच. सांगलीहून भिलवडी, पलूस, कुंडल, देवराष्ट्रे असं जायचं. गेटवर तिकीट आहे, फार नाही. तुझ्या 'ह्यां'ना ते दाखवू नकोस.

मुलांना आधीच सांगून ठेव, इथे वाघ नाही. इथली गंमत निराळी आहे. एरवी जंगल असतं आणि मग सरकार ते राखतं. इथे डोंगर उघडाबोडका होता. आधी झाडं लावली, मग कुंपण घातलं, मग हरणं आणून सोडली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. मोहित्यांचे वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते हा माणूस त्यामागे वर्षानुवर्षं हात धुऊन लागला होता. वर नैसर्गिक पाणीसुद्धा बारमाही नाही, पाणवठे बांधून भरावे लागतात.

क्षेत्रफळ १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास २,७०० एकर. आता तुझा ग्रेट स्वॅम्प. १९५९ साली तिथे जेट विमानांसाठी मोठा विमानतळ करायचं घाटत होतं. आसपासच्या लोकांनी दहा लाख डॉलरच्या वर वर्गणी जमवली, सुमारे ३,००० एकर जमीन विकत घेतली आणि सरकारला देऊन टाकली. १९६० साली तिथे अभयारण्य झालं. तू ज्या फळ्यांवरून फुकट चालतेस त्यांचे पैसे कोणीतरी भरून ठेवलेत. लोकांनी घेतलेली ती जमीन आणि सागरेश्वर मापाने जवळजवळ सारखी निघावीत याचं मला फार कौतुक वाटलं. बायकोला अजिबात वाटलं नाही.

शिरीष

मंजिरी, ५ जानेवारी

मंडळी, परत आलो. काल पहाटे तीन वाजता चौघंही टक्क जागे होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

सूर्याचीवाडी राहिली. काकांनी सांगितल्याप्रमाणे फोन केला, पलीकडून 'पाणी लई हाय औंदा' असं उत्तर आलं, बेत रद्द. काका, आभार.

सागरेश्वरला मात्र गेलो आणि पहिला डाव स्वतःच्या हाताने घालवला. सहाला निघायचं ठरलं होतं. सासूबाईंनी पोहे केले, पोह्यांनंतर चहा, चहानंतर शेजारच्या काकू 'आलीस होय गं' म्हणत आल्या, आणि गाडी हलली साडेदहाला. त्यात कारखान्यांचा हंगाम. उसाच्या जोडट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पुढे, मागे आपण, आणि ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्याने की हॉर्न ऐकू जाईल ही आशाच सोडायची. पोचलो भर दुपारी साडेबाराला. दिसलं काय, तर एक सरडा आणि एका शाळेची सहल. सरांच्या शिट्टीने सरडासुद्धा पळाला. ह्यांनी तिकिटं खिशातून काढून पुन्हा एकदा वाचली.

गेटवरच्या मामांनी समजावलं, 'उन्हाचं कोण भाईर येतंय? चारला या.' मग खाली देवराष्ट्र्यात गेलो. यशवंतराव चव्हाणांचं आजोळ, त्यांचा जन्म तिथलाच, १९१३चा. ते घर बघितलं. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री एवढ्याशा घरात जन्मले हे थोरल्याला पटेना. त्याला आधी 'आजोळ' हा शब्दच समजावावा लागला. तो ह्यांनी 'आईच्या आईचं घर, जिथे कोणी रागवत नाही' असा समजावला. मी गप्प बसले.

चारनंतरचं सागरेश्वर म्हणजे वेगळीच जागा. गवत वाळून पिवळं झालेलं, त्यावर तिरपं ऊन, आणि त्या गवतातच चितळांचा कळप. पंचवीसेक असतील. मी कुजबुजत मुलांना दाखवलं तर थोरला म्हणाला, 'आई, ही तर आपल्या मागच्या अंगणातली.' खरंच आहे म्हणा. न्यू जर्सीत हरीण म्हणजे उपद्रव. दर वर्षी आमचे हॉस्टा (अंगणातली शोभेची पानझाडं) कोवळे असतानाच फस्त करतात. आठ हजार मैल येऊन आम्ही तेच बघत होतो, ठिपके तेवढे जास्त.

काळवीट दिसल्यावर मात्र पोरगं गप्प झालं. एकटा नर होता, पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, शिंगांना पीळ. तो आमच्याकडे बघत होता आणि कान मात्र एकेक करून वेगवेगळ्या दिशांना फिरवत होता. धाकटीने बराच वेळ बघून स्वतःचे कान तसे फिरवता येतात का ते तपासलं. मग वरच्या झाडीतून कुठूनतरी 'ढँक्' असा एकच आवाज आला, पत्र्याच्या पिंपावर कोणी मूठ मारावी तसा. मामा म्हणाले, 'सांबर. आपला वास लागला त्येला.' सांबर दिसलं नाही. पण परत आल्यावर मुलं शाळेत काय सांगतायत, तर तो आवाज.

आता आप्पांचं. गाडी माथ्यापर्यंत गेली म्हणून ते वर येऊ शकले. वरून कृष्णा दिसते, वळणं घेत, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, मध्येच कारखान्याचं धुराडं. सगळे फोटो काढत होते. आप्पा नदीकडे पाठ करून झाडीकडे बघत उभे. मला वाटलं दम लागला. म्हणाले, 'इथं सावली नव्हती.' आणि मग बोलायला लागले. ते गेल्या कित्येक वर्षांत एवढं बोललेले मी ऐकलेलं नाही.

आप्पांचं गाव याच डोंगराच्या पायथ्याचं. लहानपणी शाळा बुडवून ते या माळावर शेळ्या वळायचे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे दुपारी टेकायला झाड नव्हतं, एका मोठ्या धोंड्याच्या सावलीत आळीपाळीने बसायचं. पुढे झाडं लावायचं निघालं, आणि झाडं जगवायची म्हणजे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आलीच. त्यांच्या वडिलांनी बावीस शेळ्या बाजारात नेऊन विकल्या. 'आमचा म्हातारा मरेपर्यंत ह्या डोंगराला शिव्या देत हुता,' आप्पा म्हणाले. 'झाड बघितलं की म्हणायचा, ही माझी शेळी.' त्या हट्टापायी आप्पा नोकरीला सांगलीला गेले ते पुन्हा या डोंगरावर आलेच नाहीत. चाळीस वर्षांत एकदाही नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरवर राहून.

ह्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. सख्खा मुलगा! ते नुसतेच 'हो का, हो का' करत राहिले. आप्पांनी एका खैराच्या खोडाला हात लावला, साल नखाने जराशी खरवडली, नखाकडे बघितलं आणि म्हणाले, 'चला, थंडी वाजाय लागली.'

शिरीष, तुझा हिशोब मी त्यांना गाडीत सांगितला. तिकडच्या लोकांनी वर्गणी काढून जमीन घेतली म्हटल्यावर विचारतात, 'आणि ज्यांची जमीन हुती त्यांना पैसे मिळाले?' मिळाले, विकतच घेतली ना, म्हटलं. 'मग बरं,' म्हणाले आणि खिडकीतून बघत बसले.

उतरताना रस्त्याच्या कडेला हरभऱ्याचं शेत लागलं. चारी बाजूंनी खुंट रोवून जुन्या साड्या ताणलेल्या, गुलाबी, पोपटी, एकीला तर जरीचा काठ. धाकटीला वाटलं लग्न आहे. शेतात एक आजी होत्या, त्यांना विचारलं. हरणांसाठी, म्हणाल्या. कुंपणातून निसटून येतात आणि रातोरात शेंडे कुरतडून जातात. वाऱ्यावर साडी हलली की बुजतात, निदान चार दिवस तरी. आम्ही नुकतेच हरणांचे फोटो काढून आलोय असं थोरल्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं. आजी म्हणाल्या, 'तुमच्याकडं फोटूत, आमच्याकडं हरभऱ्यात.'

डहाळ्यांची एक पेंढी मागितली. मला वाटलं, गावाकडची माणसं, पैसे घेणार नाहीत, मग आपण आग्रह करू. आजींनी पन्नास रुपये घेतले, नोट उलटसुलट करून बघितली आणि कनवटीला खोचली. 'हरणं देत न्हाईत,' म्हणाल्या. ह्यांच्या मते संपूर्ण सहलीत वसूल झालेले तेवढेच पैसे. डहाळे सांगलीपर्यंत पुरले. गाडीभर टरफलं झाली आणि ड्रायव्हर दोन दिवस आमच्याशी धड बोलला नाही.

जाणाऱ्यांसाठी: पोहे आदल्या रात्री नाकारून ठेवा. सकाळी लवकर जा, नाहीतर चारनंतर. पाणी बरोबर घ्या. श्रावणातल्या सोमवारी सागरेश्वराच्या देवळाला गर्दी असते, तेव्हा तिथे हरणं शोधू नका.

मंजिरी

बापूकाका, ५ जानेवारी

वाचलं. आप्पांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या वडिलांचं नाव त्या डोंगरावर कुठे लिहिलेलं नसेल, पण बावीस शेळ्यांचा आकडा मी लक्षात ठेवला आहे.

सूर्याचीवाडी पुढच्या वर्षी. पाऊस कमी झाला तर, असं म्हणवत नाही, म्हणून नुसतंच पुढच्या वर्षी.

बापूकाका

मंजिरी, १४ एप्रिल

मंडळी, जुनाच धागा वर काढतेय, माफ करा.

कोणाकडे टाकून द्यायच्या सुती साड्या आहेत का? पाच-सहा पुरतील. जर्जेट नको, पावसात चिकटून बसतं आणि हलत नाही, थोरल्याने करून बघितलंय. रंग भडक असला तर उत्तम. हॉस्टाचे कोंब वर आलेत आणि काल रात्री तिघीजणी येऊन बघून गेल्या.

शनिवारी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला आणल्यात तरी चालेल.

मंजिरी