वहीच्या पानावरची उभी रेघ
ग्रीनकार्डाचे, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याचे, नियम बदलेपर्यंत नव्या वर्षाचे संकल्प करण्यात अर्थ नाही, हे आपले म्हणणे मला समजते, पण पटत नाही. २०२० च्या डिसेंबरात मीही असाच थांबलो होतो. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीनकार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या लोकांना साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, ही मर्यादा काढू पाहणारे विधेयक २ डिसेंबरला अमेरिकी संसदेच्या सिनेट या सभागृहाने संमत केले, तेव्हा आमच्याकडे शिरा झाला होता. परंतु प्रतिनिधिगृह या दुसऱ्या सभागृहाने २०१९ मध्ये संमत केलेल्या मसुद्याशी त्याचा मेळ बसला नाही आणि त्या संसदेची मुदत संपताच ते निकालात निघाले. (शिरा मात्र उत्तम झाला होता.)

तेव्हापासून मी दर डिसेंबरात वहीच्या पानावर उभी रेघ मारतो. व्हिसा बुलेटिनमधील (कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, हे दर महिन्याला सांगणाऱ्या अमेरिकी सरकारच्या पत्रकातील) तारखेवर जे खरोखरच अवलंबून आहे ते डावीकडे, बाकीचे उजवीकडे. गेल्या वर्षी मी 'घर घेणे' डावीकडे लिहिले, तर पत्नीने ते खोडून उजवीकडे नेले, कारण एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरही गृहकर्ज मिळते आणि अडचण आमच्या भीतीची होती, कायद्याची नव्हे.

मुलीचा प्रश्न मात्र रेघेवरच अडकला आहे. ती सतरा वर्षांची आहे आणि कायद्याच्या हिशेबाने एकवीस पूर्ण झाल्यावर ती आमच्या अर्जात अवलंबित म्हणून धरली जाणार नाही. तारीख पुढे सरकणे माझ्या हातात नाही. तिच्यासाठी स्वतंत्र विद्यार्थी व्हिसाची आणि परदेशी विद्यार्थ्यांना लागणाऱ्या शुल्काची चौकशी जानेवारीतच करणे मात्र आहे, आणि ते मी उजवीकडे पहिल्या ओळीत लिहिले आहे.