मदत हवी आहे : सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेब कसा मांडू, म्हणजे लोक शेवटपर्यंत ऐकतील?

खजिनदार८४

नमस्कार मंडळी. ८४ फ्लॅटची सोसायटी आहे, सगळे टू बीएचके, एकाच क्षेत्रफळाचे. सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा आहे आणि हिशेबासाठी मला २० मिनिटं मिळणार आहेत. सभा स्टिल्ट पार्किंगमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत), संध्याकाळी साडेसहाला. खुर्च्यांच्या दहा रांगा, भाड्याचा प्रोजेक्टर, पडदा ६ बाय ४ फूट. निम्म्याहून जास्त सभासद साठीच्या पुढचे.

सध्या १९ स्लाइड तयार आहेत. उत्पन्न-खर्च पत्रक, ताळेबंद, लेखापरीक्षण अहवाल, सगळं एक्सेलमधून उचलून चिकटवलेलं. तिसऱ्या स्लाइडलाच लोक आपापसात बोलायला लागतील हे दिसतंय. पण याच सभेत दोन्ही लिफ्ट बदलायचा निर्णय व्हायचा आहे. कोटेशन २५,२०,००० रुपयांचं आहे, लिफ्टसाठी राखून ठेवलेले ८,४०,००० आहेत. हिशेब न समजता लोकांनी हात वर करावेत असं मला वाटत नाही. मासिक बिल ३,५०० रुपये. यातलं नेमकं काय बदलू?

जमाखर्च

पहिली स्लाइड बदला, बाकीचं निम्मं काम तिथेच होईल. "आर्थिक वर्षाचा आढावा" हे शीर्षक काढून टाका आणि एवढंच लिहा: "दोन लिफ्ट : प्रत्येक फ्लॅटचे ३०,०००. हातात आहेत १०,०००. उरलेले २०,००० कसे उभे करायचे?"

हे तुमचेच आकडे ८४ ने भागले आहेत. २५ लाख ऐकून माणूस मान डोलावतो, २०,००० ऐकून सावरून बसतो. मग पुढचा हिशेब तो स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर शोधत ऐकतो. कंटाळा आकड्यांचा येत नसतो. या आकड्यांचा माझ्याशी काय संबंध, हे न कळल्याचा येतो.

दुसरी स्लाइड: एका फ्लॅटचं एका महिन्याचं बिल. वर्षाच्या बेरजा दाखवू नका. समजा तुमची विभागणी साधारण अशी निघाली: सुरक्षारक्षक ९५०, सामायिक वीज ६००, पाणी आणि टँकर ५५०, साफसफाई ४५०, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखलेला पैसा) मिळून ४५०, लिफ्टची देखभाल २००, बाकी सगळं (विमा, लेखापरीक्षण, कार्यालय) ३००. बेरीज ३,५०० आलीच पाहिजे. एका रुपयाचाही फरक राहिला तर पुढची दहा मिनिटं त्या रुपयावर जातील. वार्षिक खर्च भागिले १,००८ (८४ गुणिले १२) केल्यावर प्रत्येक ओळीत रुपयाखालचे सुटे पैसे किती उरतात ते आधी पाहा आणि "बाकी सगळं" या ओळीत जिरवा.

यासाठी पाय चार्ट नको. सात फाका झाल्या की ६०० मोठे की ५५० हे डोळ्यांना कळत नाही, आणि रंगांची सूची वाचायला मान सारखी बाजूला वळवावी लागते. आडवे पट्टे घ्या, मोठ्यापासून लहानाकडे. पॉवरपॉइंट पहिली ओळ सगळ्यात खाली काढतो, म्हणून उभ्या अक्षावर राइट क्लिक, फॉरमॅट अ‍ॅक्सिस, आणि "कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर"वर टिक. गॅप विड्थ (पट्ट्यांमधली मोकळी जागा) ५० टक्क्यांच्या आसपास. मागच्या जाळीच्या रेघा पुसून टाका, आकडा पट्ट्याच्या टोकाला लिहा. सगळे पट्टे राखाडी ठेवून ज्याबद्दल बोलायचं आहे तो एकच रंगवा.

तिसरी_रांग

जमाखर्च यांना अनुमोदन. एक भर घालतो. ज्या खर्चात बदल झाला तेवढाच उलगडा, बाकीचे सोडून द्या. बहुतेक सोसायट्यांत तो टँकर असतो. समजा आदल्या वर्षी १०८ टँकर आले आणि यंदा २१६, दर तोच १,४०० रुपये. स्लाइड दाखवण्याआधी विचारा, "यंदा टँकरवर किती गेले असतील? एक लाखाच्या आत म्हणणाऱ्यांनी हात वर करा. एक ते दोन? दोनच्या वर?" मग आकडा उघडा: ३,०२,४००. आदल्या वर्षी १,५१,२००. स्वतः अंदाज बांधलेला माणूस उत्तरासाठी थांबतो. पण असा प्रश्न २० मिनिटांत एकदाच. तीनदा विचारलात की शाळेचा तास होतो आणि ज्येष्ठ मंडळींना ते रुचत नाही.

त्याच स्लाइडवर बारा महिन्यांचे बारा पट्टे ठेवा. एप्रिल-मे उंच असतील तर पाणीटंचाई. बाराही महिने सारखेच वाढलेले असतील तर कुठेतरी गळती असू शकते. आकृतीतून निदान निघालं तर तिची जागा खरी. उभा अक्ष मात्र शून्यापासूनच सुरू करा. वर्षाचे १०८ आणि २१६ शेजारी दाखवताना तो १०० पासून सुरू केला तर दुप्पट वाढ चौदापट दिसेल, आणि मोजणारा एक जण तरी सभेत असतोच.

मुळाक्षर

पडद्याबद्दल. आकडे वाचायचे असतील तर पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतर ही मर्यादा धरतात. तुमचा पडदा ४ फूट उंच, म्हणजे २४ फूट. दहा रांगा, दोन रांगांत तीन फूट, म्हणजे शेवटची खुर्ची ३० फुटांवर गेली. मागच्या दोन-तीन रांगांना एक्सेलची ओळ दिसणारच नाही, कितीही छान बोललात तरी.

घरी तपासायची सोपी पद्धत: १५.६ इंची लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर उघडा आणि पाच फुटांवर उभे राहा. शेवटच्या रांगेला साधारण एवढंच दिसतं. वाचता येत नसेल तर अक्षर वाढवा. देवनागरीला इंग्रजीपेक्षा चार-सहा पॉइंट जास्तच लागतात, कारण वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं आधी चिकटतात. मजकूर ३२ च्या खाली नको, मुख्य आकडा ६० च्या वर. ओळींतलं अंतर १.२ तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर बसतो.

फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर "निधी" च्या जागी भलतीच चिन्हं उमटतील. युनिकोडमध्ये टंकित करा (निर्मला, मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, कुठलाही चालेल) आणि पेन ड्राइव्हवर पीडीएफ प्रतही ठेवा.

स्टिल्टमध्ये बाजूंनी उजेड येतो, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं धुऊन निघतात. पांढऱ्यावर गडद अक्षर घ्या. पडद्यासमोरची ट्यूबलाइट बंद, मागच्या चालू. साडेसहाला उजेड असतोच, पण मागच्या सभेचं इतिवृत्त आणि वार्षिक अहवाल आधी होतात, तोवर सात वाजून उजेड कमी होतो.

पोटनियम

एक गोष्ट आत्ताच तपासा: लिफ्टचा विषय सभेच्या नोटिशीत आहे का? वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जावी लागते आणि विषयपत्रिकेवर नसलेला एवढा मोठा खर्च ऐनवेळी मंजूर करून घेतलात तर उद्या कुणीही हरकत घेईल. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची, म्हणजे हातात वेळ कमी आहे.

दुसरं, पट्ट्यांच्या आकृत्या कितीही छान असल्या तरी मंजुरी लेखापरीक्षित पत्रकांनाच घ्यायची असते. ती नोटिशीबरोबर घरोघरी पोचवा, पडद्यावर आणू नका. सभेत दारातच एक पानी ए-४ कागद द्या: एका बाजूला बिलाची विभागणी, दुसऱ्या बाजूला लिफ्टचे पर्याय, अक्षर १४ पॉइंट. मागच्या रांगांचा प्रश्न याने सुटतो.

थकबाकीदारांची नावं पडद्यावर टाकू नका. "९ फ्लॅट, एकूण २,५२,०००, म्हणजे ८४ फ्लॅटांत वाटले तर प्रत्येकामागे ३,०००" एवढं पुरे. नाव दिसलं की सभा त्या माणसाची होते, हिशेबाची राहत नाही.

खजिनदार८४

खूप आभार. लिफ्टचा विषय नोटिशीत घातला आहे. दोन अडचणी उरतात. ताळेबंदात सिंकिंग फंड देण्यांच्या बाजूला दिसतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, "एवढं कर्ज कुणाचं?" आणि पहिल्या मजल्यावरचे म्हणणार, आम्ही लिफ्ट वापरतच नाही.

जमाखर्च

ताळेबंदासाठी एकच स्लाइड करा, दोन चौकोन. डावीकडच्या चौकोनावर "देणी" ऐवजी "पैसा कुणाचा?" लिहा, उजवीकडे "जिंदगी" (म्हणजे मालमत्ता) ऐवजी "पैसा कुठे ठेवलाय?". डावीकडे सिंकिंग फंड, उजवीकडे बँकेतली मुदत ठेव, मध्ये बाण. बोलताना बोट डावीकडून उजवीकडे न्या: "हा पैसा सभासदांचा, सोसायटी तो सांभाळते म्हणून या बाजूला. आणि तो या ठेवीत आहे." पावतीची मुदत आणि व्याजदर तिथेच लिहा. दोन्ही आकडे जुळत नसतील, म्हणजे फंड जास्त आणि ठेव कमी असेल, तर लपवू नका, फरक कुठे वापरला ते बाणाखालीच सांगा. खरा प्रश्न तोच असतो आणि तो तुम्ही आधी काढलात तर विश्वास बसतो.

"मग लिफ्ट सिंकिंग फंडातूनच का नाही?" हेही येईल. तो फंड पुनर्बांधणी, इमारत मजबूत करायची कामं किंवा वास्तुविशारदाने प्रमाणित केलेली मोठी दुरुस्ती यासाठी, तेही सर्वसाधारण सभेच्या ठरावाने. उत्तराची स्लाइड सगळ्यात शेवटी लपवून ठेवा. तिचा क्रमांक टंकून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं.

पोटनियम

पहिल्या मजल्याचं उत्तर आदर्श उपविधींमध्येच (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) आहे: लिफ्टच्या देखभालीचा आणि चालवण्याचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांवर समान, वापरोत वा न वापरोत. पण नियम आधी सांगू नका, वाद पेटतो. आधी ऐकून घ्या, मग उपविधींतला हा मुद्दा कागदावर दाखवा.

तिसरी_रांग

पर्याय तीनच ठेवा: एकरकमी २०,०००, दरमहा २,००० चे दहा हप्ते, किंवा यंदा एकच लिफ्ट. तिसऱ्यात फ्लॅटमागचं गणित वेगळं होतं: १५,००० वजा १०,०००, म्हणजे ५,०००, आणि दुसरी लिफ्ट पुढच्या दराने. हे शेवटचं वाक्य मोठ्याने म्हणा. पुढच्या वर्षीचं कोटेशन आजच्याच आकड्यात मिळेल असं कुणी धरून चालू नये.

चर्चा सुरू झाली की कळफलकावरचं बी दाबा, पडदा काळा होतो आणि लोक तुमच्याकडे बघतात. मतदानाच्या वेळी पुन्हा बी, तीन पर्यायांची स्लाइड समोर. लॅपटॉप मराठी कळफलकावर असेल तर आधी इंग्रजीवर आणा, नाहीतर बी चालेलच याची खात्री नाही.