मूव्हिंग ट्रकवर दोन कुत्रे: लोडिंगच्या दिवशी त्यांना ठेवायचं कुठे?

रानवाटा
आम्ही नवरा-बायको, दोघांकडेही सीडीएल (जड वाहनांचा व्यावसायिक परवाना) आहे. पुढच्या महिन्यापासून अमेरिकेत घरसामानाच्या लांब पल्ल्याच्या कामावर टीम म्हणून निघतोय. स्लीपर (झोपायची जागा असलेली) केबिन, मागे ५३ फुटी ट्रेलर. सोबत लॅब (३० किलो, सात वर्षांचा) आणि बीगल (११ किलो). कंपनीची परवानगी आहे.

ड्राय व्हॅनवाल्यांचे (बंद ट्रेलरमधून गोदामांचा माल नेणाऱ्यांचे) सल्ले भरपूर वाचले, पण ते गोदामाच्या डॉकला लागले की केबिनमध्येच बसून असतात. आपल्याला दिवसभर दुसऱ्याच्या घरात राबायचं असतं. तेव्हा जुलैत टेक्सस-ॲरिझोनाकडे लोडिंग असेल तर कुत्र्यांचं काय करायचं? कधी कॅनडाची फेरी लागली तर कागद कोणते? आणि ट्रकवर राहणाऱ्या कुत्र्यांना नेमकं काय बाधतं?

डिझेल_आणि_चहा
तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. ट्रक चालू असताना कुत्रे सांभाळणं सोपं असतं, खरी परीक्षा लोडिंगच्या दिवशी.

बंद गाडीत, बाहेर जेमतेम २२ अंश सेल्सिअस असलं तरी, तासाभरात आतलं तापमान आणखी सुमारे २२ अंशांनी चढतं. त्यातला मोठा भाग पहिल्या अर्ध्या तासातच. काच दोन बोटं खाली ठेवून फारसं काही साधत नाही. म्हणजे एसी हवाच, आणि तो दिवसभर इंजिनावर चालवता येत नाही. कॅलिफोर्नियात उभ्या डिझेल ट्रकचं इंजिन ५ मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवता येत नाही, इतरही बऱ्याच राज्यांत आणि शहरांत तसे नियम आहेत. नियम नसला तरी वस्तीतल्या गल्लीत शेजारी तक्रार करतातच.

उरतो एपीयू, म्हणजे मुख्य इंजिन बंद असताना एसी चालवणारं वेगळं छोटं यंत्र. डिझेलवरचा एपीयू टाकीत डिझेल आहे तोवर चालतो, तासाला साधारण पाव गॅलन पितो, पण आवाज करतो. कॅलिफोर्नियात जाणार असाल तर त्याच्या धुराला फिल्टर लागतो (२००७ आणि नंतरच्या इंजिनांच्या ट्रकवर), तो आहे का ते आधी पाहा. बॅटरीवरचा शांत असतो. त्याचे ८-१० तास जाहिरातीतले, म्हणजे रात्रीच्या हवेतले समजा. फिनिक्सच्या ४३ अंशांत, केबिन तापलेली आणि इंजिन बंद म्हणून चार्जिंग नाही, अशा वेळी बॅटरी दुपारीच मान टाकते. नेमके तेव्हा तुम्ही दोघं पियानोखाली असता.

म्हणून ग्राहकाच्या घरी पोचायच्या अर्धा तास आधी मुख्य एसी पूर्ण जोरात चालवून केबिन आणि गाद्या गार करून घ्या. थांबलात की समोरच्या काचेवर आणि दारांच्या काचांवर चकचकीत पडदे लावा, मग सीटमागचा पडदा ओढून फक्त स्लीपरचा भाग गार ठेवा. तापमान कळवणारं यंत्र स्वतःचं सिम असलेलं घ्या, वायफायवरचं बिनकामाचं. ते डॅशवर न ठेवता खालच्या बंकवर (झोपायच्या फळीवर), कुत्र्याच्या नाकाच्या उंचीला लावा. इशारा २७ अंशांना लावा, शिवाय वीज गेल्याचा इशारा वेगळा. तो दोघांच्याही फोनवर यायला हवा, कारण तळघरात एकाला रेंज नसते. आणि यंत्र असलं तरी प्रत्येक खोली रिकामी झाली की एकाने जाऊन दार उघडून बघायचंच.

बाहेर ३२ च्या वर जाणार असेल तर मी केबिनचा विचारच करणार नाही, सरळ डे-केअर. तिथे रेबीज, डीएचपीपी (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्र लस) आणि बोर्डेटेला (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) या तिन्ही लसींचे दाखले मागतात, आणि बऱ्याच ठिकाणी स्वभाव पाहायला एक चाचणीचा दिवस आधी लागतो. त्यामुळे नेहमीच्या मार्गावरच्या मोठ्या शहरांत अनेक शाखा असलेल्या साखळीत एकदाच नाव घालून ठेवा. ५३ फुटी घेऊन त्यांच्या पार्किंगमध्ये शिरू नका, जनावरं नेणारी टॅक्सी मागवा. तिचं भाडं लोडिंगच्या खर्चात धरा.

वजनकाटा
वरच्यात भर. वजनावर बिल असेल (भरलेल्या आणि रिकाम्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे सामान) तर काट्यावर कुत्रे उतरवा, रिकाम्या वजनालाही आणि भरलेल्यालाही. संघीय नियमानुसार दोन्ही वेळा ट्रकवर एकही माणूस नको. पॅड, डॉल्या (चाकांच्या फळ्या), हँडट्रक, रॅम्प सगळं आत हवं. टाक्या दोन्ही वेळा भरलेल्या हव्यात, किंवा आधी रिकामं वजन केलं असेल तर मधे डिझेल घालायचं नाही. कुत्र्यांचं नाव नियमात नाही. पण तुमचे दोन कुत्रे ४१ किलो, पाण्याचा २० लिटरचा कॅन, १५ किलोची खाद्याची गोणी, मिळून सुमारे १६८ पौंड. वजन बघायला उभं राहण्याचा ग्राहकाला हक्क आहे. खिडकीतून लॅबचं डोकं दिसलं की पुढचा वाद ओढवून घेतलात.

आणि फर्निचरचं पॅड कुत्र्याच्या अंगाखाली कधीही घालू नका. मोह होतो, कारण ट्रकमध्ये शेकडो असतात. तेच पॅड पुढच्या घरच्या सोफ्याला गुंडाळलं जातं, त्या घरात कुणाला ॲलर्जी असली की केस चिकटलेले पॅड म्हणजे क्लेम (भरपाईचा दावा). कुत्र्यांच्या चादरी वेगळ्या रंगाच्या घ्या, पेट्याही वेगळ्या.

ग्राहक प्रेमाने म्हणेल, "सोडा की अंगणात." नको. त्या दिवशी घराची दारं आणि फाटक दिवसभर सताड उघडी असतात. बीगल वासामागे गेला की हाकेला ओ देत नाही.

गोचीडशत्रू
कागद: ३ महिन्यांवरच्या कुत्र्याला अमेरिकेतून कॅनडात जाताना पशुवैद्याच्या सहीचा रेबीजचा दाखला लागतो. त्यावर जात, रंग, वजन, लसीचं नाव, मालिका क्रमांक, मुदत सगळं हवं. परत येताना अमेरिकेचे ऑगस्ट २०२४ पासूनचे नियम: कुत्रा किमान ६ महिन्यांचा, मायक्रोचिप बसवलेली, आणि सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) ऑनलाइन अर्ज भरल्याची पावती. गेल्या ६ महिन्यांत कुत्रा रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशात गेला नसेल तर ती पावती ६ महिने, कितीही फेऱ्यांना चालते. भारत त्या धोक्याच्या यादीत आहे. पुण्याहून नुकता आणलेला, तिथेच लस टोचलेला कुत्रा असेल तर पहिले ६ महिने कॅनडाची फेरी घेऊ नका, जमिनीवरच्या सीमेवरून त्याला परत येऊ देत नाहीत.

बाधतं काय? हार्टवर्मची (डासांतून पसरणाऱ्या, हृदयात वाढणाऱ्या जंतांची) गोळी बारा महिने, दर महिन्याला. "आमच्या राज्यात डास नाहीत" हे ट्रकवाल्यांना लागू नाही, परवा मिनेसोटा आणि आज मिसिसिपी. ईशान्येला आणि विस्कॉन्सिनकडे गोचिडांपासून लाइम हा आजार. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात गवताची कुसळं पंज्यांच्या बेचक्यात आणि कानात घुसतात, दर फेरीनंतर बोटांनी चाचपा.

ट्रक स्टॉपच्या गवतात सगळ्यात जास्त काय सापडतं, तर कोंबडीची शिजवलेली हाडं. बीगलसाठी जाळीचं तोंडबंद घ्या, लाज वाटू देऊ नका. दुसरं, दोन ट्रकांमधल्या हिरव्या-गुलाबी डबक्यांपासून लांब. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल गोड लागतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. चाटलंय असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा, उपचाराला हाताशी काहीच तास असतात.

पाणी बदलून पोट बिघडत असेल तर पहिले काही आठवडे कॅनमधलंच पाजा.

रानवाटा
खूपच उपयोगी, धन्यवाद. लॅबला केबिनमध्ये चढवायचं कसं? रॅम्प घ्यावा का?

डिझेल_आणि_चहा
केबिनचा तळ जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर. सहा फुटी रॅम्प लावला तर चढ ४५ अंशांच्या आसपास जातो, लॅब त्यावर पाय ठेवणार नाही, आणि लांब रॅम्प ठेवायला केबिनमध्ये जागा नाही. पाठीवर मूठ असलेला हार्नेस घ्या. पुढचे पाय दुसऱ्या पायरीवर ठेवायला शिकवा, मग एकाने वरून मूठ धरायची, दुसऱ्याने मागून मांड्यांखाली हात घालायचा. उतरताना जास्त जपा. सात वर्षांच्या लॅबचे खांदे आणि कोपर खाली उडी मारून दुखावतात, चढताना नाही. नेहमी प्रवासी बाजूनेच, आणि दार उघडायच्या आधी पट्टा अडकवलेला.

घड्याळाचंही बघा. सकाळी दोघंही लोडिंगला लागलात तर दोघांचेही १४ तास (काम सुरू केल्यापासून गाडी हाकायची मुदत) तेव्हाच सुरू होतात. सामान चढवायला १० तास गेले की गाडी हाकायला दोघांनाही तेवढेच ४ तास उरतात, आणि मग १० तासांची सक्तीची विश्रांती. रात्री पार्किंग मिळणं मुश्कील, म्हणून गवत असलेली जागा सकाळीच आरक्षित करा. मजूर मिळत असेल तर दोघांपैकी एकाचं घड्याळ सुरूच करू नका. तो कुत्र्यांपाशी स्लीपरमध्ये झोपेल, रात्री गाडी तो काढेल, आणि त्या दिवसाचं डे-केअरही वाचेल.