एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ च्या शीटमध्ये क्लिंच नट फिरतोय, कुणी सांगेल का?

भोसरी_पॅनल: नमस्कार मंडळी. १.२ एमएम एसएस ३०४ चे कंट्रोल बॉक्स करतो. दाराला एम४ चे एसएस क्लिंच नट, म्हणजे पातळ शीटच्या भोकात दाबून पक्के बसणारे नट, प्रेसने बसवतो. स्क्रू आवळला की नट जागच्या जागी फिरतो, काही तर स्क्रूबरोबर बाहेरच आले. भोक लेझरने ५.४ चं आहे. सप्लायर म्हणतो टनेज (प्रेसचा दाब) वाढवा. वाढवलं तर शीटच वाकते. शिवाय आतल्या १.६ च्या एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीच्या) सर्किट बोर्डाला एम३ नट लावायचेत, हेच चालतील का?

टूलरूम_काका: टनेजचा नाद सोडा. निघालेला एक नट भिंगाखाली धरा. दाते चपटे झालेले दिसतील आणि शीटवर नुसता चकचकीत गोल उठलेला असेल. दात्यांच्या खाली खोबण असते. नट दाबला की शीटचं मटेरियल त्या खोबणीत शिरतं आणि नटाला धरून ठेवतं. हे व्हायला नट शीटपेक्षा कडक लागतो. साधा एसएस नट साधारण एचआरबी (रॉकवेल बी, कडकपणाचं माप) ७० पर्यंतच्या शीटला असतो, ३०४ त्याच्या वर जातं. मग शीटऐवजी दातेच दबतात. 'एसएसला एसएस' हे पर्चेसवाल्यांचं गणित, त्याने बिल जुळतं, नट बसत नाही.

एसएस शीटसाठी हार्डन केलेला वेगळा नट येतो. पेम (पीईएम) कंपनीचा असेल तर एसपी सिरीज, एचआरबी ९० पर्यंत चालतो. भोक तेच ५.४, वर फार तर ०.०८. महाग आहे, पण दार परत येण्यापेक्षा स्वस्त. आणि नट स्क्रूच्या उलट बाजूने बसवा, म्हणजे आवळताना तो शीटमध्ये ओढला जाईल. हातोडा नको, दाब सरळ आणि समांतर हवा.

ईएमएस_नाशिक: बोर्डाला क्लिंच नट अजिबात नको. एफआर-४ खोबणीत वाहत नाही, तडकतो. त्याला ब्रोचिंग नट घ्या, अंगावर उभे दाते असतात, ते भोकाच्या भिंतीत कापत जातात. पेम केएफ२ एम३ ला भोक ४.२२, बोर्ड किमान १.५३ चा. भोक प्लेटेड (आतून तांब्याचा थर दिलेलं) असेल तर ४.२२ हे प्लेटिंगनंतरचं माप. दाबताना खाली सपोर्ट द्या. जवळ सिरॅमिक कपॅसिटर असतील (बोर्ड वाकला की ते तडकतात) तर दाबायच्या भानगडीत न पडता रीळवर येणारे एसएमटी (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणारे) नट रिफ्लोमध्येच, म्हणजे बाकीच्या भागांबरोबर भट्टीत, सोल्डर करून घ्या.

भोसरी_पॅनल: काका, भिंगाखाली पाहिलं, दाते खरंच सपाट झालेत. एसपीचे सॅम्पल मागवलेत. आमचा पोरगा प्रत्येक भोकाला काउंटरसिंक मारून कड साफ करतो, ते चालू ठेवू?

टूलरूम_काका: अहो, बंद करा! खोबणीत भरायचं मटेरियलच तो खरवडून टाकतोय. भोकाची धार शाबूत राहिली पाहिजे. लेझरवाल्याला लीड-इन (काप सुरू होतो ती जागा) भोकाच्या आतल्या टाकाऊ चकतीत घ्यायला सांगा, कडेला खाच नको.

भोसरी_पॅनल: ड्रॉइंगवर आजच टाकतो.