पान्यांचा एक संच पुरत नाही

मॉर्गन थ्री व्हीलर या ब्रिटिश तीनचाकी गाडीत (पुढे दोन चाकं, मागे एक) सोबत काय ठेवावं, यावर 'प्लग, फ्यूज आणि मिलीमीटरच्या पान्यांचा एक संच घेतला की झालं', असं या चर्चेत म्हटलंय. प्लग-फ्यूजचं पटलं, पान्यांचं नाही. २०११ ते २०२१ मधल्या थ्री व्हीलरचा गिअरबॉक्स माझदाचा, तिथे मिलीमीटरचे पाने चालतात. पण पुढे उघडं दिसणारं एस अँड एस कंपनीचं १९८३ सीसीचं व्ही-ट्विन (V आकारात दोन सिलिंडर असलेलं) इंजिन अमेरिकन, त्याचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे. १३ चा पाना अर्धा इंचाच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो आणि कडा गोल करून ठेवतो. त्यामुळे इंचाचे मोजके पाने आणि ॲलन की (षटकोनी खाचेच्या बोल्टसाठीच्या किल्ल्या) वेगळ्या पिशवीत हव्यातच. १९३० च्या दशकातली जुनी मॉर्गन असेल तर व्हिटवर्थ हे जुनं ब्रिटिश माप, म्हणजे तिसराच संच! या इंजिनाची थरथर इतकी असते की बोल्ट ढिले होतात, म्हणून थ्रेडलॉकची (बोल्ट ढिला होऊ न देणाऱ्या द्रवाची) बाटली आणि थोडी तारही ठेवा.

दुसरं, जॅकबद्दल कुणीच लिहिलं नाही. वेल्समध्ये माझं मागचं चाक पंक्चर झालं. ते एकच चाक, हवा गेली की गाडीची शेपटी जमिनीला टेकायला येते. माझा जॅक खाली शिरेचना. शेवटी एका शेतकऱ्याकडून फळी आणली, दोघांनी मागून गाडी उचलली आणि चाक फळीवर चढवलं, तेव्हा कुठे जॅक आत गेला. तेव्हापासून अगदी बुटका जॅक आणि हातभर फळी कायम गाडीत असते. पुढच्या आणि मागच्या चाकांची मापं वेगळी, त्यामुळे एक स्टेपनी नेऊनही सगळीकडे चालत नाही.