पंचेचाळिशीत नोकरी सोडून गावी आलो. महिना साडेसोळा हजारांत भागतंय. तुमचं काय मत?

चाकणरिटर्न

2022 च्या दिवाळीत चाकणची नोकरी सोडली आणि बिऱ्हाड गावी आणलं. तेव्हा मी 45 चा होतो. गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून लांब नाही. 1993 च्या भूकंपानंतर पुनर्वसनात वडिलांना मिळालेलं दोन खोल्यांचं घर, पुढं मी टाकलेलं पत्र्याचं शेड, साडेतीन एकर कोरडवाहू. आम्ही नवराबायको आणि आई. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, त्याचे पैसे वेगळे ठेवलेत.

पुण्यातले मित्र अजून म्हणतात, तीन-चार कोटी जमल्याशिवाय नोकरी सोडणं वेडेपणा आहे. माझ्याकडं मुलाचे सोडून 72 लाख होते.

खर्च वहीत रोज लिहितो. किराणा 4,100, कारण ज्वारी, तूर, हरभरा घरचा. करडईचे दोन पट्टे पेरतो आणि घाण्यावरून तेल काढून आणतो. दूध 1,650. वीज 600, गॅसही तेवढाच धरा, मोबाइलही. गाडीचं पेट्रोल 1,200, आईच्या गोळ्या 1,800, आरोग्य विम्याचा हप्ता महिन्यावर आणला तर 2,700.

आणि 3,300 आहेर, वर्गणी, सप्ता, मयत. हा आकडा मी येताना धरलाच नव्हता. गेल्या मे महिन्यात 14 लग्नं झाली. पुण्यात असताना फोनवरून 501 पाठवले की सुटायचो. इथं मांडवात माइकवर आहेर पुकारतात, नावासकट आणि रकमेसकट. आमच्या एका चुलत्याच्या घरी मी 251 दिले, तर पुकारणाऱ्यानं मुद्दाम थांबून माझ्याकडं बघितलं. "पुण्याचे पाव्हणे, दोनशे एक्कावन्न!" सगळा मांडव हसला. पुढच्या लग्नाला गुपचूप 1,001 लिहिले.

एवढं धरूनही वर्ष दोन लाखाच्या आत निघतं. म्हणून म्हणतो, कोटींचे आकडे माणसाला नोकरीत बांधून ठेवतात. ज्याला गावाकडं घर आहे त्यानं 45 ला विचार करावा.

हिशोबी_माणूस

ज्याला गावाकडं घर आहे. इथंच सगळा धागा संपला, दादा. घराचं भाडं शून्य, ज्वारी-तुरीची जमीन बापाची, मुलगा "वेगळा". हे तीन काढून कुणाचाही खर्च कमीच निघेल.

आता 72 लाखांचं. खर्चाच्या 25 पट जमवा, पहिल्या वर्षी 4 टक्के काढा आणि पुढं ती रक्कम महागाईप्रमाणं वाढवा, हा नियम 1994 साली बेंगेन या अमेरिकन सल्लागारानं तिथल्या बाजाराचे आकडे तपासून मांडला, तोही 30 वर्षांच्या निवृत्तीसाठी. तुम्हाला 40 च्या वर वर्षं काढायचीत, आणि महागाई इथली आहे. 6 टक्क्यांनी वाढली तर खर्च 12 वर्षांत दुप्पट. आज तुम्ही 48. साठीला 33 हजार, बहात्तरीला 66 हजार, चौऱ्याऐंशीला 1 लाख 32 हजार महिन्याला. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीला मिळते, निवृत्ती घेतलेल्याला 55 ला. तोवर तुम्हाला त्याचाही आधार नाही.

चाकणरिटर्न

घराचं मान्य, ते मी लपवलेलं नाही. पण दोन लाख म्हणजे 72 लाखांच्या पावणेतीन टक्के. 4 टक्क्यांच्या बराच खाली आहे मी. अर्धे पैसे शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात आहेत, सगळे एफडीत ठेवलेले नाहीत. ईपीएफची पेन्शन 58 ला सुरू होईल. 50 ला घेतली तर दरवर्षामागं 4 टक्के कापतात, म्हणून थांबलोय.

परभणीकर_कोरडवाहू

दादा, लिहिलंय झकास. पण तुम्ही शेतकरी नाहीत, तुम्ही व्याजावर जगायलात. शेत तुमचं बाजूचं ताट हाय. त्यात वाईट काही नाही, फक्त मनात क्लिअर ठेवा.

आमच्या गावातबी एक साहेब असेच नोकरी सोडून आले. चांगला माणूस. खुरपणीला बाईला 400 द्यायले. आम्ही 300 देत व्हतो. आता 300 ला कुणी येईना. त्यांचं सोयाबीन गेलं तर त्यांना एफडी हाय, माझं गेलं तर सोसायटीचं कर्ज हाय. सप्टेंबर 2025 चं पाणी आठवा. गोदावरी, सिंदफणा, मांजरा, सीना, सगळ्या एकदाच फुगल्या. माझी नदीकाठची दीड एकर खरवडून गेली, खाली मुरूम दिसायलाय. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 कागदावर व्हता, माझ्या डागी मालाला व्यापारी त्याच्या जवळपासबी बोलला नाही. मीबी साडेसोळा हजारांतच राहायलोय, पण त्याला कुणी काटकसर म्हणत नाही.

चाकणरिटर्न

मजुरीचं तुमचं म्हणणं टोचलं. मीही 400 च देतो. पण कमी देऊ का? तेही मला पटत नाही.

परभणीकर_कोरडवाहू

कमी द्या म्हणलोच नाही. फक्त "गावात स्वस्त हाय" लिहिताना आमच्याकडं बघून लिहा.

लिंबाखाली

मी हे करून परत आलोय, म्हणून लिहितो. 2019 ते 2023 धाराशिव जिल्ह्यात गावी राहिलो. पैशानं काही अडलं नाही, पाण्यानं आणि रात्रीनं अडलं.

पाण्याचं तुम्हाला सांगायला नको. तुमच्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत 5 लाख लिटर. आपल्याकडं खाली काळा पाषाण, त्याच्या भेगांत जेवढं मुरेल तेवढंच. मी 620 फूट बोअर घेतलं. पहिल्या वर्षी दोन इंच पाणी, तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये नुसती हवा. नवीन बोअर आणि केसिंगचा खर्च तुमच्या वहीत कुठल्या महिन्यात बसवणार?

रात्रीचं असं, की वडिलांना दीड वाजता छातीत कळ आली. 108 ला फोन केला, गाडी आली, तिचं काम तिनं नीट केलं. पण मोठं हॉस्पिटल 46 किलोमीटर, त्यात अर्धा रस्ता उखडलेला. वडील वाचले. मला मात्र त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा पाठ झालाय. सहा महिन्यांत आम्ही लातूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आता आठवड्याला एकदा शेतावर जातो. खर्च 24 हजार होतो आणि झोप लागते.

तालुक्याच्या किंवा अंबाजोगाईसारख्या ठिकाणी राहा असं मी कुणालाही सांगेन. अंबाजोगाईला निदान वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

नांदेडचा_पोरगा

मधेच विचारतो. माझ्या घरात कुणाच्याच नावावर शेती नाही. दोन एकर घेऊन असंच राहता येईल का?

हिशोबी_माणूस

शेतकरी नसाल तर परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मराठवाड्याला त्यासाठी हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 लागू आहे. "दाखला काढून देतो" म्हणणारे एजंट भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. राहायलाच जायचं तर बिनशेती प्लॉट किंवा गावठाणातलं घर बघा.

सूनबाई_उदगीर

धागा वरपासून वाचला. व्याज, पेन्शन, बोअर, रस्ता, सगळं आलं. एका माणसाचं काम कुठंच आलं नाही.

चाकणरिटर्न भाऊ, किराणा 4,100 वरच का राहतो ते मी सांगते. ज्वारी घरची म्हणजे पोत्यातून काढून, पाखडून, निवडून, उन्हात घालून गिरणीत न्यायची. तूर घरची म्हणजे भिजवून, वाळवून डाळ करायची. येसर, काळं तिखट, शेवया, कुरडया, पापड, सांडगे. उन्हाळ्याचे दीड महिने त्यातच जातात. वेळ अमावस्येला तुम्ही शेतात भज्जी, उंडे, आंबील खायला बोलावता ना मित्रांना? पुण्याच्या गाडीतून उतरलेल्या वीस माणसांची भज्जी आदल्या रात्रीपासून कोण निवडतं? वर सासूबाईंचं पथ्य वेगळं.

माझ्या मालकांनी 49 ला नोकरी सोडली. पुण्याला असताना मी क्लास घ्यायचे, महिन्याला 9 हजार यायचे. गावात ते बंद झाले. ह्यांच्या हिशोबात तो तोटा कधी धरलाच नाही, कारण "आता लागतात कशाला" म्हणे. ह्यांची निवृत्ती झाली. माझी नोकरी सुरू झाली, पहाटे साडेपाचला.

मी परत जाऊ म्हणत नाही. मला इथं करमतं, चार बायकांत वेळ जातो, हवा चांगली आहे. पण साडेसोळा हजारांत भागतं, हे वाक्य घरात दोघांनी मिळून म्हणायचं असतं. तुमच्या घरी म्हणतात का?

लिंबाखाली

ताई, आमच्याकडं लातूरला जायचा निर्णय बायकोनंच घेतला. वरती मी "आम्ही घेतल्या" असं लिहिलं, खरं तसं नव्हतं.

हिशोबी_माणूस

9 हजार महिना धरले तर साडेसोळाचे साडेपंचवीस होतात. माझ्या तक्त्यात हे सुटलं होतं.

चाकणरिटर्न

उशिरा उत्तर देतोय. काल रात्री धागा बायकोला वाचायला दिला. तिनं सगळा वाचला, सूनबाईंचं दोनदा. वही मागितली. मी म्हटलं, काय लिहितेस? म्हणाली, लिहायचं नाही, बघायचंय तुम्ही मिक्सर कुठं लिहिलाय.

मिक्सर लिहिलेलाच नाही. संक्रांतीपासून बंद आहे. "औशाला गेलो की टाकतो दुरुस्तीला" असं मी तीन महिने म्हणतोय, आणि त्या तीन महिन्यांत पेट्रोलची नोंद वहीत बावीस वेळा आहे. ती चटणी पाट्यावर वाटतेय. मी ती शेंगदाण्याची चटणी पुण्याच्या मित्रांना "अस्सल पाट्यावरची" म्हणून फोटोसकट पाठवली होती.

बाकी मतं माझी तीच आहेत, 72 लाख पुरतील असं मला अजून वाटतं. बोअरसाठी दोन लाख वेगळे काढतो. आहेराचं काही होणार नाही, पुढच्या महिन्यात सहा लग्नं आहेत.

परभणीकर_कोरडवाहू

मिक्सर फिरतो पण भांडं फिरत नाही, असं हाय का? मग खालचं कपलर झिजलं आसल. स्वस्तात मिळतं. जुनं संगं घेऊन जा, मापाचं बसतं.

चाकणरिटर्न

हो, तसंच आहे. आत्ता निघालो.